विद्यापीठावर हसायचं कुणी?

इसवीसनापूर्वी ४२३ साली अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत ॲरिस्टोफेनिसचं ‘ढग’ हे प्रहसन रंगमंचावर आलं. त्यात सॉक्रेटिस टोपलीत बसून अधांतरी लोंबकळत सूर्याचं चिंतन करतो. पिसू स्वतःच्या पायांच्या मापाने किती लांब उडी मारते, याचं संशोधन त्याच्या शाळेत चालतं. कर्जात बुडालेला एक म्हातारा तिथे जातो, तो खोट्याचं खरं करायची विद्या शिकून सावकारांना वाटेला लावण्यासाठी. पुढे त्याच विद्येचा प्रसाद मुलाच्या हातून पाठीवर मिळाल्यावर तो त्या शाळेलाच आग लावतो. त्या वर्षीच्या स्पर्धेत हे नाटक शेवटचं आलं. पण २४ वर्षांनी सॉक्रेटिसवर खटला भरला गेला, तेव्हा प्लेटोने नोंदवलेल्या त्याच्या बचावात या नाटकाची आठवण निघते. आजचे फिर्यादी मागाहून आले, तो म्हणतो. तुम्ही लहान असताना ज्यांनी तुमचे कान भरले ते जुने फिर्यादी जास्त घातक, आणि त्यांच्यातल्या एका विनोदी नाटककारापलीकडे कुणाचं नावसुद्धा मला सांगता येत नाही.

विद्यापीठातल्या जगण्यावर उपरोधिक कादंबरी आली की हल्ली जो आक्षेप ऐकू येतो, त्याचं मूळ हेच आहे. सरकारं अनुदान कापतायत, राजकारणी प्राध्यापकांना फुकटे म्हणतायत, ‘या पदव्यांचा उपयोग काय’ हा प्रश्न सगळीकडून येतोय, आणि अशात आपल्यातलाच कुणी प्राध्यापकांचा वेंधळेपणा, लंपटपणा, परिषदांमधली चंगळ चव्हाट्यावर मांडतो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, तशातली गत. हे म्हणणारी माणसं मूर्ख नाहीत, त्यांची भीती खरी आहे. तरीही मला हा आक्षेप मान्य नाही. या कादंबऱ्यांमधून काय लक्षात ठेवायचं, हेच आपण चुकवलंय असं माझं म्हणणं आहे.

लक्षात राहतो तो प्रोफेसर. किंग्जली एमिसच्या ‘लकी जिम’मधला (१९५४) वेल्च घ्या. हा इतिहासाचा विभागप्रमुख गाडी कशीबशी चालवतो, बोलताना वाक्य अर्धवट सोडतो आणि शनिवार-रविवारी लोकांना घरी बोलावून जुनी कोरसगीतं गायला लावतो. एमिसचा मित्र कवी फिलिप लार्किन लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात सहायक ग्रंथपाल होता. त्याला भेटायला गेलेल्या एमिसला तिथल्या अध्यापकांच्या बैठकीच्या खोलीत या कादंबरीचं बीज सापडलं. पुस्तक लार्किनलाच अर्पण केलेलं आहे. नायक जिम डिक्सनने जो शोधनिबंध लिहिलाय, तो १४५० ते १४८५ या काळातल्या जहाजबांधणीच्या तंत्राचा आर्थिक प्रभाव तपासणारा. त्या शीर्षकाबद्दल डिक्सनच्याच मनात इतकी घृणा आहे की वाचणाऱ्याला काही बोलायची गरज उरत नाही. हे सगळं अजूनही हसवतं. सत्तर वर्षांत शीर्षकं बदलली, जांभई तीच आहे.

पण हे कथानक पुढे सरकतं कशावर? डिक्सन परिवीक्षेवर आहे. पुढच्या वर्षी ठेवतील की नाही, हे वेल्चच्या मर्जीवर. म्हणून तो त्याच्या घरी गाण्यांना जातो, त्याच्यासाठी ग्रंथालयातून माहिती गोळा करतो, त्याच्या बायकोची बोलणी खातो आणि ‘आनंदी इंग्लंड’ या विषयावरच्या व्याख्यानाला उभं राहण्याआधी धीर यावा म्हणून पिऊन बसतो. कादंबरीतला प्रत्येक विनोदी प्रसंग त्या एका न आलेल्या पत्राभोवती फिरतो.

हे एकदा दिसलं की या प्रकारातली नावाजलेली पुस्तकं वेगळीच दिसायला लागतात. मेरी मकार्थीच्या ‘द ग्रोव्ह्ज ऑफ अकॅडीम’चा (१९५२) आरंभच नेमणूक पुढे चालू न ठेवण्याच्या पत्राने होतो. हेन्री मल्काही हा नकोसा वाटणारा अध्यापक ते पत्र मिळाल्यावर एक अफलातून खोटं रचतो: आपण पूर्वी कम्युनिस्ट होतो. अमेरिकेत तेव्हा कम्युनिस्टांची शिकार चालू होती. त्यामुळे त्याला काढणं म्हणजे त्या शिकारीत सामील होणं, आणि उदारमतवादी सहकाऱ्यांना ते कसं परवडणार? माणूस बदमाश आहे हे कळूनही ती चांगली माणसं त्याच्यासाठी लढतात. शेवटी जातो तो कॉलेजचा अध्यक्ष, मल्काही राहतो. सद्‌गुणी माणसांच्या सद्‌गुणांवर इतका जहरी उपरोध मी दुसरीकडे वाचलेला नाही. डेव्हिड लॉजच्या ‘चेंजिंग प्लेसेस’मधला (१९७५) तो खेळ सगळ्यांना माहीत असतो. प्रत्येकाने आपण न वाचलेल्या एका पुस्तकाचं नाव घ्यायचं. ते जितक्यांनी वाचलेलं असेल तितके गुण आपल्याला. जिंकायच्या हट्टापायी एक इंग्रजीचा प्राध्यापक ‘हॅम्लेट’ वाचलं नसल्याचं कबूल करतो. गोष्ट सांगणारे बहुतेक इथेच थांबतात. लॉज थांबत नाही. तो प्राध्यापक खेळ जिंकतो आणि नोकरीत कायम होण्याची संधी गमावतो, कारण ‘हॅम्लेट’ न वाचलेल्याला इंग्रजी विभागाने कायम कसं करायचं?

श्रीलाल शुक्लांच्या ‘राग दरबारी’त (१९६८) विद्यापीठ नाही, गावातलं इंटर कॉलेज आहे, पण नातं जवळचं आहे. तिथेही शेवटी खन्ना मास्तरांना दमदाटीने राजीनामा द्यायला लावतात, आणि ती रिकामी जागा नायकापुढे धरली जाते. रंगनाथला स्वतःचीच किळस येते ती त्या क्षणी. आपल्याकडे नेमाड्यांचा चांगदेव पाटील ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’ या कादंबऱ्यांमधून एका गावच्या कॉलेजातून दुसऱ्या गावच्या कॉलेजात हिंडत राहतो. या कादंबऱ्यांना निव्वळ उपरोधिक म्हणणं अन्यायाचं होईल. पण संस्थाचालक, जात, गटबाजी आणि नोकरीची टांगती तलवार यांच्यात सापडलेल्या अध्यापकाची जी तिरकस नजर त्यांत आहे, ती इंग्रजी परंपरेतल्या खेळकर नजरेपेक्षा कितीतरी कोरडी आणि मला विचाराल तर जास्त खरी आहे.

विद्यापीठावरची उपरोधिक कादंबरी ज्ञानाची टिंगल करते, असं म्हणणाऱ्यांनी ही पुस्तकं पुन्हा उघडून पाहावीत. विषय बहुतेक वेळा एकच आहे: माणसाचं विचार करणं ज्याच्या हातातल्या कागदावर अवलंबून आहे, त्याच्यापुढे त्या माणसाचं काय होतं. ‘प्राध्यापक मूर्ख असतात’ हा त्यातला वरवरचा थर. विद्यापीठांना ज्यांना झोडायचंच आहे ते तेवढाच थर खरवडून नेतात आणि कागद तिथेच ठेवून जातात.

याला छेद देणारं एक उदाहरण आहे, त्याला वळसा घालून चालणार नाही. माल्कम ब्रॅडबरीच्या ‘द हिस्टरी मॅन’चा (१९७५) नायक हॉवर्ड कर्क हा समाजशास्त्राचा प्राध्यापक. तोंडात क्रांती आणि हातात माणसं खेळवायच्या दोऱ्या. न पटणाऱ्या विद्यार्थ्याला चिरडतो, सहकाऱ्यांना एकमेकांवर घालतो, आणि त्याच्या नोकरीला कसलाही धोका नाही. माझ्या सिद्धांतात हा बसत नाही. १९८१च्या जानेवारीत बीबीसीने त्यावर मालिका केली आणि समाजशास्त्राची प्रतिमा तिने कायमची मलिन केली, अशी त्या विषयातल्या लोकांची तक्रार राहिली. त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटनमधल्या विद्यापीठांना अनुदानकपातीची पत्रं गेली. तारखा शेजारी ठेवल्या तर आक्षेपवाल्यांचा खटला पक्का वाटतो.

पण ती कुऱ्हाड सगळ्यांत जोरात पडली ती सॅलफर्ड विद्यापीठावर. त्याचं सुमारे ४४ टक्के अनुदान गेलं. सॅलफर्ड हे अभियांत्रिकी आणि तंत्रज्ञान शिकवणारं, कारखान्यांशी जोडलेलं विद्यापीठ. हॉवर्ड कर्कसारख्या माणसाला तिथे कुणी चहालाही विचारलं नसतं. सरकारला खर्च कमी करायचा होता आणि त्याने केला. टीव्हीवरच्या कर्कमुळे लोकांना त्याचं वाईट कमी वाटलं असेल, एवढं मी मान्य करेन. अथेन्समध्येही प्रहसन आणि खटला यांच्यामध्ये एक मोठा काळा पट्टा आहे: युद्धातला पराभव, तीस जुलमी सत्ताधीशांची राजवट आणि त्यांच्यातला क्रिटियस हा सॉक्रेटिसच्या ऊठबशीतला असणं. विषाचा पेला राजकारणाने भरला. नाटकाने वाक्यं पुरवली. वाक्यं पुरवणं हा छोटा गुन्हा नाही, पण त्यावरचा उपाय नाटक न लिहिणं हा कसा असेल? चांगलं नाटक लिहिणं हा असेल फार तर.

हसण्यातच क्रौर्य असू शकतं, हे या प्रकारातल्या एका लेखकाला बाकीच्यांहून खोलवर कळलं होतं. नाबोकोव्हच्या ‘प्निन’मधला (१९५७) तिमोफेय प्निन हा वेंडेल कॉलेजात रशियन शिकवणारा निर्वासित. इंग्रजी मोडकं, दात नवे, गाडी चुकीची पकडलेली. वाचक पहिल्या पानापासून त्याला हसतो. कॉलेजात कॉकरेल नावाचा एक सहकारी आहे. प्निनची नक्कल करणं हा त्याचा छंद. प्निन असं बोलतो, प्निन असा चालतो, प्निनला काढून टाकल्याचं कळलं तेव्हा तो असा म्हणाला. कादंबरीच्या शेवटी ही नक्कल तासन्‌तास चालते. ऐकणारे आधी खिदळतात, मग कंटाळतात, आणि कॉकरेलला मात्र थांबता येत नाही. इतक्या वर्षांत नक्कल करता करता त्याच्याच अंगात प्निन शिरलाय. प्निनची नोकरी तोवर गेलेली असते. त्याला सांभाळणारा विभागप्रमुख दुसरीकडे निघाला आणि ज्याच्या हाताखाली राहायचं तो माणूस प्निनला सहन होणारा नाही. आपण दीडशे-दोनशे पानं ज्याला हसत आलो, तो एकटाच त्या कॉलेजात आपल्या विषयावर मनापासून प्रेम करणारा होता, हे नाबोकोव्ह आपल्याला उशिरा लक्षात आणून देतो. नाबोकोव्ह तेव्हा कॉर्नेलला शिकवत होता, स्वतः निर्वासित होता. चांगला उपरोध आणि कॉलेजच्या उपाहारगृहातली टवाळी यांच्यातला फरक मला कुणी विचारला तर मी हे प्रकरण पुढे करेन.

इथवरच्या पुस्तकांमध्ये एक गोष्ट समान आहे. पत्र पाठवणाऱ्याला चेहरा आहे. वेल्च आहे, अध्यक्ष आहे, विभागप्रमुख आहे. आज तो चेहरा पुसट झालाय. ब्रिटनमध्ये संशोधनाचं मोजमाप राष्ट्रीय पातळीवर १९८६ साली सुरू झालं. २००५ साली होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-निर्देशांक मांडला (कुणाचे किती निबंध इतरांनी किती वेळा उद्धृत केले, यावरून काढलेला आकडा) आणि माणसाची विद्वत्ता एका आकड्यात मावायला लागली. मोजायचं म्हटल्यावर मोजण्याजोगं पिकवणं आलंच. या मोजणीची टर मात्र कादंबरीकारांपेक्षा वैज्ञानिकांनीच जास्त चांगली उडवली. २००५ मध्ये एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी अर्थहीन शोधनिबंध आपोआप तयार करणारी संगणकप्रणाली लिहिली आणि तिचा एक निबंध एका परिषदेने स्वीकारला. २०१० मध्ये सिरिल लाबे या फ्रेंच संशोधकाने अस्तित्वातच नसलेला एक शास्त्रज्ञ निर्माण केला आणि गूगल स्कॉलरवर त्याचा एच-निर्देशांक ९४ पर्यंत नेऊन ठेवला. त्याच्याही आधी, १९७५ साली, एका अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने सगळा निबंध ‘आम्ही’ असा लिहून ठेवला होता. लेखक एकटाच असेल तर हे चालणार नाही असं कळल्यावर पुन्हा टंकलेखन करण्याऐवजी त्याने आपल्या मांजराला सहलेखक केलं. निबंध ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये छापून आला. मांजराचं नाव एफ. डी. सी. विलर्ड.

प्रत्यक्षच इतकं विनोदी झाल्यावर कादंबरीकाराने काय करायचं, हा प्रश्न गंभीर आहे. आकड्याला खलनायक करता येत नाही. तो कोरसगीतं गायला लावत नाही, त्याची बायको नाही, त्याचं सोंग आणता येत नाही. ज्युली शूमाकरच्या ‘डिअर कमिटी मेंबर्स’ने (२०१४) यावर एक तोड काढली. सगळी कादंबरी एका वैतागलेल्या इंग्रजीच्या प्राध्यापकाने लिहिलेल्या शिफारसपत्रांची. विद्यार्थ्यांसाठी, सहकाऱ्यांसाठी, पुढे शिकायला निघालेल्यांसाठी आणि पोटापाण्याची कसलीही नोकरी शोधणाऱ्यांसाठी. वरच्या मजल्यावर अर्थशास्त्र विभागाचं नूतनीकरण चालू आहे, खाली इंग्रजी विभाग धूळ खातोय, आणि हा पत्रांवर पत्रं खरडतोय. ज्या विद्यार्थ्यासाठी तो सगळ्यांत जास्त जीव टाकतो, त्याच्या पदरात काही पडत नाही. शूमाकरला २०१५ सालचं थर्बर पारितोषिक मिळालं. विनोदी लेखनाचं हे पारितोषिक मिळवणारी ती पहिली स्त्री. तिने विद्यापीठाची गोष्ट विद्यापीठाच्याच सरकारी नमुन्यात सांगितली, आणि मला वाटतं पुढचा रस्ता त्याच बाजूला आहे. अर्ज, अहवाल, स्वयंमूल्यमापन, ‘लागू नसल्यास रेघ मारा’. कथा त्या रेघांमध्ये आहे.

पण तिचा नायकही नोकरीत कायम आहे. शिफारसपत्र लिहिणारा तोच असणार, मागणारा वेगळा. आणि इथे मला या सगळ्या परंपरेबद्दल खरी तक्रार आहे.

अमेरिकन प्राध्यापकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार १९८७ साली तिथल्या अध्यापकांपैकी सुमारे ४७ टक्के अस्थायी स्वरूपाच्या नेमणुकांवर होते. २०२१ मध्ये ते प्रमाण ६८ टक्के झालं. म्हणजे कधीकाळी जिम डिक्सनची जी अवस्था नोकरीच्या सुरुवातीच्या काळातली होती, ती आता बहुतेकांची रोजची झाली. विद्यापीठातलं राजकारण इतकं कडवट असतं कारण पणाला लागलेलं इतकं थोडं असतं, असं एक वचन आहे, ते चार-पाच थोरांच्या नावावर खपवलं जातं. कायम माणसांच्या बाबतीत ते खरं असेलही. ज्याचं घरभाडं पुढच्या सत्राच्या तासिकांवर ठरतं, त्याच्यापुढे हे वाक्य उच्चारून पाहावं.

लॉजने हे १९८८ सालीच हेरलं होतं. ‘नाइस वर्क’मधली रॉबिन पेनरोज तात्पुरत्या नेमणुकीवर आहे, हुशार आहे, चांगली शिकवते, आणि कपातीमुळे तिला पुढे जागा नाही. ती व्हिक्टोरियन काळातल्या कारखानदारीवरच्या कादंबऱ्या शिकवते आणि वर्गात सांगते की त्या लेखकांना अडचणीतून सुटायचे चारच मार्ग सुचले: वारसाहक्काचा पैसा, लग्न, परदेशगमन किंवा मरण. मग लॉज मोठ्या मिश्कीलपणे तिलाच एका काकाच्या मृत्युपत्रातून पैसा मिळवून देतो. गंमत उत्तम आहे, ती स्वतःवरच केलेली आहे हेही खरं. तरी तिच्यामागे मला एक चाचरणं ऐकू येतं. नेमणुकीचा प्रश्न कादंबरीने नेमका मांडला आणि उत्तराच्या वेळी काकाला बोलावलं. लॉज १९८७ साली बर्मिंगहॅममधल्या अध्यापनातून बाहेर पडला. हे पुस्तक त्यानंतरचं.

तेव्हा विद्यापीठाला हसायचं की नाही, हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. कोण हसतंय हा वाटतो. डिक्सनच्या बाबतीत एक तपशील फार बोलका आहे. तो सतत तोंडं वेडावतो, त्या प्रत्येक तोंडाला त्याने नाव ठेवलेलं आहे, पण हे सगळं तो एकटा असताना किंवा समोरच्याची पाठ वळल्यावर करतो. वेल्च कुटुंबाच्या तोंडावर, भर रस्त्यात, पोट धरून हसणं त्याला जमतं ते अगदी शेवटच्या पानांवर, लंडनमधली दुसरी नोकरी खिशात पडल्यावर. हसण्यासाठी आधी पायाखाली जमीन लागते, आणि उपरोधिक कादंबऱ्यांचे लेखक बहुतेक जमीन असलेले होते. ज्यांना ती नाही त्यांचं लेखन गेल्या दहा-पंधरा वर्षांत वेगळ्याच रूपात येतंय: विद्यापीठ सोडताना लिहिलेले निरोपाचे लेख. ते दुखावलेले असतात, प्रामाणिक असतात, आणि त्यांत विनोद औषधालाही नसतो. गेल्यावर लिहिल्यामुळे त्यांना नावं घेता येतात, पण तेव्हा ती घेण्यात गंमत उरलेली नसते.

मला वाचायची आहे ती अजून आत असलेल्या माणसाची कादंबरी. तिच्यात अध्यापकांच्या बैठकीची खोली बहुधा नसेल, कारण तिथे बसायला त्याला वेळ नसतो. तो एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजाच्या तासाला पोहोचण्याच्या घाईत असतो. वेल्च असेल, पण तोही कुठल्या तरी तक्त्यात कमी पडलेला आणि घाबरलेला. एखादा तास असेल जो खरोखर रंगला, आणि ज्याची नोंद करायला कुठल्याही नमुन्यात रकाना नव्हता. ही कादंबरी टोपणनावाने यावी लागेल. आणि ती आलीच, तर लेखक कोण हे शोधायला पहिली समिती कुठली नेमली जाईल, त्या समितीच्या बैठकीचं इतिवृत्त कुणाकडून लिहून घेतलं जाईल, हे तिच्या दुसऱ्या भागाला पुरेल.